पाटणादेवीच्या धबधब्याला जाताय? चाळीसगावचे नव्हे, कन्नडचे आभाळ बघा

अमळनेरहून एका दिवसात होणारी मध्यम चढाईची सहल. निघायचे कधी, परतायचे कधी, ‘यलो अलर्ट’ म्हणजे नेमके काय आणि ओढ्याचे पाणी अचानक का वाढते? समजून घ्या सोप्या भाषेत.

श्रावण लागला की अमळनेर, पारोळा, धरणगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो : रविवारी कुठे जायचे? तापी आणि बोरीच्या काठचा हा पट्टा सपाट आणि कमी पावसाचा. इथे डोंगर नाही, त्यामुळे धबधबाही नाही. तो पाहायचा तर उत्तरेला सातपुडा गाठावा लागतो, नाहीतर दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग.

या दुसऱ्या वाटेवरचे सर्वांत लाडके ठिकाण म्हणजे चाळीसगाव तालुक्यातील पाटणादेवी. चंडिकादेवीचे मंदिर, भोवती गौताळा औट्रमघाट अभयारण्याचे हिरवे कडे आणि पावसाळ्यात कोसळणारे केदारकुंड, धवलतीर्थसारखे धबधबे. सहल अवघड नाही. अवघड आहे ती तयारी. कारण आपण डोंगराच्या पायथ्याशी उभे असतो आणि आपल्या दिवसाचा निर्णय होतो डोंगराच्या माथ्यावर, आपल्याला न दिसणाऱ्या पावसात.

पाणी येते कुठून?

पाटणा गाव जळगाव जिल्ह्यात. त्याच्या पाठीशी उभा असलेला कडा चढून गेलात की छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचा कन्नड तालुका सुरू होतो. प्रसिद्ध पितळखोरा लेणी याच डोंगरात आहेत, पण कन्नड तालुक्यात. म्हणजे धबधबा पाहायचा जळगाव जिल्ह्यात आणि त्याचे पाणी बरेचसे पडणार शेजारच्या जिल्ह्याच्या पठारावर.

हे पाणी कड्यावरून उतरते, ओढ्या-नाल्यांतून डोंगरी नदीला मिळते. डोंगरी चाळीसगावात तितूरला मिळते, तितूर पुढे गिरणेला आणि गिरणा तापीला. पाटण्याचा धबधबा म्हणजे या साखळीची पहिली कडी.

ही साखळी किती वेगाने फिरू शकते, हे चाळीसगावकरांनी ३१ ऑगस्ट २०२१ रोजी पाहिले. आदल्या रात्री डोंगरपट्ट्यात अतिवृष्टी झाली. कन्नड घाटात दरडी कोसळून महामार्ग बंद पडला आणि वाहने घाटात अडकली. डोंगरी आणि तितूरला पूर येऊन चाळीसगाव शहरात, आसपासच्या गावांत पाणी शिरले. शेकडो जनावरे वाहून गेली. शहरातले लोक झोपेत असताना पाऊस वर पडला होता.

सहलीला जाणाऱ्याने एवढा एकच धडा घेतला तरी पुरे : पायथ्याला ऊन असले म्हणून ओढा सुरक्षित नसतो.

थोडा हिशेब : टँकरच्या भाषेत

अमळनेर तालुक्याला टँकर नवा नाही. म्हणून हिशेब टँकरमध्येच करू.

एक चौरस किलोमीटर पठारावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, असे समजा. जुलै-ऑगस्टमध्ये जोरदार सरीला हे फार नाही. या पावसाचे पाणी होते ५ कोटी लिटर. दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर. निम्मे पाणी जमिनीत मुरले असे धरले, तरी अडीच हजार टँकर उतारावरून खाली येणार. आणि ऑगस्टपर्यंत काळा पाषाण आणि त्यावरची पातळ माती आधीच भिजलेली असते. तेव्हा मुरण्याचे प्रमाण आणखी कमी होते.

दुसरा हिशेब पाण्याच्या जोराचा. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायांवर येणारा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर नऊपट. म्हणून सकाळी हसत-खेळत ओलांडलेला गुडघाभर ओढा दुपारी तेवढाच खोल दिसला, तरी तो सकाळचा ओढा नसतो. त्यात खाली शेवाळलेले गोटे. धडधाकट माणूसही घसरतो आणि एकदा घसरला की पाणी त्याला उठू देत नाही.

अलर्टचे रंग कसे वाचायचे?

भारतीय हवामान विभाग जिल्हानिहाय चार रंगांत इशारा देतो. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा, थोडक्यात घराबाहेर जोखीम घेऊ नका.

२४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर तो ‘मुसळधार’ गणला जातो. ११५.६ ते २०४.४ ‘अति मुसळधार’ आणि त्यापुढे ‘अत्यंत मुसळधार’. शेतकऱ्यांना यातला पहिला आकडा वेगळ्या कारणाने पाठ असतो. महसूल मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्याची चर्चा सुरू होते.

पाटणादेवीसाठी अलर्ट वाचताना या गोष्टी लक्षात ठेवा :

• एक नव्हे, दोन जिल्हे बघा. जळगावला हिरवा आणि छत्रपती संभाजीनगरला नारंगी असेल, तर तुमच्यासाठी तो नारंगीच.

• अलर्ट संपूर्ण जिल्ह्यासाठी असतो. अमळनेरला कोरडे असताना चाळीसगावच्या डोंगरात झोडपून काढणारा पाऊस होऊ शकतो. म्हणून घराच्या गच्चीवरून आभाळ बघून निर्णय घेऊ नका.

• निघण्याआधी हवामान विभागाचा पुढील तीन तासांचा ताजा अंदाज बघा. विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप उपयोगी पडते.

• हे सगळे चाळीसगाव सोडण्यापूर्वी करा. डोंगराच्या कुशीत मोबाइलच्या रेंजवर भरवसा ठेवता येत नाही.

नारंगी किंवा लाल असेल तर बेत पुढच्या रविवारी. पिवळा असेल तर मंदिर आणि पायथ्यापर्यंतच जा. ओढ्यातून वर चढू नका. हिरवा असला तरी आदल्या रात्री माथ्यावर मोठा पाऊस झाला होता का, हे पाटण्यात पोहोचल्यावर विचारा. गावातल्या गुराख्याला आणि वनरक्षकाला हे अ‍ॅपपेक्षा नेमके माहीत असते.

जायचे कसे?

अमळनेरकरांचा पहिला विचार रेल्वेचा असतो. इथे तो फारसा कामाचा नाही. अमळनेर सुरत-भुसावळ मार्गावर, तर चाळीसगाव मनमाड-भुसावळ मार्गावर. रेल्वेनेच जायचे तर जळगावला वळसा घालावा लागतो. धुळ्यापर्यंत एसटी आणि तिथून धुळे-चाळीसगाव गाडी हा दुसरा पर्याय आहे, पण वेळा जुळल्या तरच.

सोपी वाट रस्त्याची : अमळनेर, पारोळा, चाळीसगाव आणि तिथून साधारण १८ किलोमीटरवर पाटणादेवी. चाळीसगावपर्यंत एसटीने गेलात तर पुढे रिक्षा किंवा जीप ठरवताना परतीची वेळही आत्ताच ठरवून टाका. संध्याकाळी परतीचे वाहन शोधत बसणे म्हणजे उशिराला आमंत्रण.

हा परिसर अभयारण्य आहे, हे विसरू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेश परवानगीनेच होतो आणि आत आग लावण्यास मनाई आहे. म्हणजे नाक्यावर नोंद करायची, शुल्क असेल ते भरायचे आणि आत चूल मांडायची नाही. बिबट्याचे हे घर आहे. स्पीकर गाडीतच राहू द्या.

वेळेचे गणित

डोंगरात बहुतेक संकटांची सुरुवात उशिरापासून होते. वेळ किती लागेल, हे काढायची एक जुनी रीत आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी ती १८९२ मध्ये मांडली. सपाटीवर ताशी ५ किलोमीटर धरायचे आणि चढाच्या दर ६०० मीटरमागे एक तास वाढवायचा.

उदाहरण घेऊ. जाऊन-येऊन ६ किलोमीटर चाल आणि ३०० मीटर चढ. सपाटीचा वेळ १ तास १२ मिनिटे, चढाचा अर्धा तास. एकूण १ तास ४२ मिनिटे. पण ही रीत सराव असलेल्या, थंड हवेत चालणाऱ्या माणसाची. आपल्याकडे दमट हवा, निसरडी वाट, सोबत मुले, दर वळणावर फोटो. म्हणून आकडा सरळ दुप्पट करा : साधारण साडेतीन तास. धबधब्याजवळचा एक तास त्यात मिळवा. झाले साडेचार तास.

त्यावरून दिवस असा बसतो :

पहाटे ५.३० : अमळनेरहून प्रस्थान

सकाळी ७.३० : चाळीसगाव, नाश्ता, अंदाज पुन्हा तपासणे

सकाळी ८.१५ : पाटणादेवी, नोंद, चौकशी, दर्शन

सकाळी ८.४५ : चालायला सुरुवात

दुपारी १२.०० : जिथे असाल तिथून माघारी

दुपारी २.०० च्या आत : मंदिराजवळ परत, जेवण

दुपारी ३.०० : परतीचा प्रवास

यातली सर्वांत महत्त्वाची ओळ बारा वाजताची. धबधबा समोर पाच मिनिटांवर दिसत असला, तरी बारा म्हणजे बारा. ऑगस्टमध्ये इथे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, मग एवढी घाई का, असे कुणीतरी विचारेलच. कारण दुहेरी आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात मेघगर्जनेच्या सरी बहुधा दुपारनंतर येतात. आणि कुणाचा पाय मुरगळला, तर दीड तासाची उतरण चार तासांची होते. बारा वाजता फिरलेल्या गटाकडे हे चार तास असतात. चार वाजता फिरलेल्याकडे नसतात.

ही वेळ आदल्या रात्री ग्रुपवर लिहून टाका. डोंगरात मतदान घ्यायचे नाही.

ओढ्याकाठी : धोक्याच्या खुणा

पोहोचल्यावर पहिले काम सेल्फीचे नाही. पाण्याच्या कडेचा एक ठळक दगड हेरा आणि पाणी त्याच्या कुठवर आहे ते लक्षात ठेवा. दर दहा मिनिटांनी एकाने त्याकडे बघायचे. पुढील चारपैकी एकही गोष्ट दिसली तर सगळ्यांनी लगेच काठ सोडून उंचावर जायचे :

• नितळ पाणी गढूळ किंवा लालसर होऊ लागले

• पाला, काटक्या, फेस एकदम वाढला

• पाण्याचा आवाज बदलून जड, घुमल्यासारखा झाला

• हेरलेला दगड बुडू लागला

माथ्यावर ढग काळवंडले असतील तर या खुणांचीही वाट पाहू नका.

आणि पलीकडच्या काठावर अडकलात तर? ओढा ओलांडायचा नाही. हातात हात धरून साखळी करून जाऊ, हा मोह घात करतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध उभे असताना पाणी वाढत गेले आणि एकमेकांना धरून उभे राहिलेल्यांना काठ गाठता आला नाही. तो व्हिडिओ राज्यभर पाहिला गेला. अशा छोट्या, उताराच्या ओढ्यांचे पाणी जसे झपाट्याने चढते, तसे पाऊस थांबल्यावर काही तासांत ओसरतेही. उंचावर बसून भिजत काढलेले तीन तास त्रासाचे असतात, पण घरी नेतात.

कुंडात उडी मारण्याबद्दल एकच वाक्य : वरून कोसळणारे पाणी दरवर्षी तळाचे दगड हलवते, म्हणून गेल्या वर्षी खोल असलेली जागा यंदा तशीच असेल असे नाही.

पिशवीत काय असावे?

फार सामान नको, पण नेमके हवे. प्रत्येकी दोन लिटर पाणी. ओढ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी पिऊ नये. जेवणाला खान्देशी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांच्यासारखे दुसरे काही नाही. टिकतात, सांडत नाहीत, कचरा होत नाही. ओआरएसची पाकिटे, गूळ-शेंगदाणे, क्रेप बँडेज, रोजची औषधे, शिटी, बॅटरी, पॉवर बँक आणि सगळे गुंडाळायला प्लास्टिकची जाड पिशवी. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

चपला, सँडल नकोत. खोल खाचांच्या तळव्याचे बूट हवेत. भिजलेली जीन्स जड होते, त्यापेक्षा ट्रॅक पँट बरी.

गवतात पाय टाकताना काठी आपटत चला. घोणस, फुरसे या भागात आहेत. साप चावलाच तर आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे यातले काहीही करू नये. माणसाला शांत ठेवावे, चावलेला भाग हलू देऊ नये आणि थेट चाळीसगावचे सरकारी रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आपत्तीसाठी ११२ आणि वन विभागासाठी १९२६ हे क्रमांक फोनमध्ये जतन असावेत.

घरी एका माणसाला तीन गोष्टी सांगून निघा : कुठे जातोय, सोबत कोण आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची.

सोबत लहान मुले, ज्येष्ठ असतील तर?

मग ओढ्यातून वर चढण्याचा बेतच नको. पाटण्याला चंडिकादेवीचे मंदिर आणि यादवकालीन महादेव मंदिर पाहून, पायथ्याच्या हिरवाईत दिवस छान जातो. गणिताची आवड असलेल्या मुलांना इथे सांगण्यासारखी गोष्टही आहे. पाटण्याच्या शिलालेखात थोर गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्यातील दान १२०७ सालचे. हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला.

सातपुड्याच्या बाजूला जायचे असेल तर यावल तालुक्यातील आडगावजवळची मनुदेवी हा पर्याय आहे. देवस्थान आणि धबधबा शेजारीशेजारी असल्याने चाल कमी. पण नियम तोच. तिथेही पाणी सातपुड्याच्या माथ्यावरून येते.

बंदीने प्रश्न सुटतो का?

दर पावसाळ्यात राज्यात कुठेतरी दुर्घटना होते आणि जिल्हा प्रशासन धबधब्यांवर बंदी घालते. पूर्वी जमावबंदीचे कलम १४४ वापरले जाई, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३. लाल अलर्टच्या दिवशी अशी बंदी हवीच. पण सरसकट, महिनोन्‌महिने चालणारी बंदी दोन गोष्टी करते. नाक्यावर नोंद करून जाणारा नियमाचा माणूस घरी बसतो आणि आडवाटेने जाणारा नोंद न करता जातो. त्यात काही झाले तर आत किती माणसे होती, हेही कळत नाही. शिवाय पाटण्यासारख्या गावात चहाची टपरी, रिक्षा, प्रसादाचे दुकान यांचा हंगाम याच दोन-अडीच महिन्यांचा असतो.

त्याऐवजी एक साधी गोष्ट करता येईल. राज्यात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. पीकविमा आणि नुकसानभरपाईसाठी त्यांचे आकडे रोज जमा होतात. कन्नड तालुक्यातील डोंगरमाथ्याच्या मंडळांचा कालचा आणि आज सकाळचा पाऊस पाटण्याच्या नाक्यावर एका फळ्यावर खडूने लिहिला तर? शेजारी दोन्ही जिल्ह्यांच्या अलर्टचे रंग आणि ‘आज ओढ्यात उतरण्यास दुपारी अमुक वाजेपर्यंत मुभा’ ही ओळ. खर्च फळ्याचा आणि खडूचा. लागणार आहे तो दोन जिल्ह्यांतल्या कार्यालयांमधला रोज सकाळचा एक फोन.

गावातल्या तरुणांना वाटाडे म्हणून प्रशिक्षण देऊन, दहा जणांच्या गटामागे एक वाटाड्या सक्तीचा केला तर माथ्यावरचा पाऊस कळणारा माणूस प्रत्येक गटासोबत असेल आणि त्याच्या घरी चार पैसे जातील. सुरक्षिततेचा हा मार्ग बंदीपेक्षा कष्टाचा आहे, पण टिकणारा आहे.

तोवर फळा आपणच भरायचा आहे. शनिवारी रात्री दोन जिल्ह्यांचे अलर्ट, रविवारी सकाळी तीन तासांचा अंदाज, पाटण्यात गुराख्याला एक प्रश्न आणि घड्याळात बाराचा गजर. एवढे जमले नाही, तर त्या रविवारी धबधबा राहू द्यावा. तो सप्टेंबरअखेरपर्यंत तिथेच कोसळत असतो.